सरनोबतांचा एकोणपन्नासावा दिवस

दिवस ४९, सकाळचे अकरा

"किती राहिलं?" माणगावेसाहेबांनी विचारलं.

"चार मिनिटं," मी म्हणाले.

"आणि चार मिनिटांनी काय होणार?"

"काहीच होणार नाही, साहेब. तेच तर बघायचंय."

"हे बरंय," साहेब चौगुलेकडे वळले. "काहीच होणार नाही म्हणून सगळ्यांना चहा!"

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये आम्ही चौघं एका यंत्रासमोर उभे होतो. दूध तापवून निर्जंतुक करणारं यंत्र. चाचणीसाठी त्यात दुधाऐवजी पाणी फिरत होतं. माणगावेसाहेब कंपनीचे मालक. संकेत चौगुले यंत्राचा नवा टचस्क्रीन सांभाळायचा. मी हर्षला उपाध्ये, तेव्हा सत्तावीस वर्षांची. आणि थोडे मागे, खांबाला टेकून, हाताची घडी घातलेले सरनोबत सर.

काटा सरकला. पाणी फिरत राहिलं. स्क्रीनवर बहात्तर अंश, हिरव्या आकड्यांत, होते तसेच.

"झालं?"

"झालं, साहेब."

"नाद खुळा!" चौगुले ओरडला आणि त्यानं टाळ्या वाजवल्या. साहेबांनी वाजवल्या. सरांनीही वाजवल्या.

त्याआधीची एकोणीस वर्षं, थोडक्यात

यंत्राचा मेंदू म्हणजे आत बसवलेला कंट्रोलर. त्यावर चालणारी छोटीशी ऑपरेटिंग सिस्टिम दिनकर सरनोबत या एका माणसानं एक्क्याण्णव साली एकट्यानं लिहिली होती. पन्हाळ्यापासून पार बेळगावपर्यंतच्या लहान डेअऱ्यांत अशी छत्तीस यंत्रं होती आणि सगळी उत्तम चालायची.

पण फक्त एकोणपन्नास दिवस आणि सतरा तास.

सरांची सिस्टिम सेकंदाचे हजार भाग करून वेळ मोजायची. तेवढा वेळ झाला की मोजणीचा रकाना काठोकाठ भरायचा आणि यंत्र थांबायचं. झडपा दूध परत फिरवायच्या, लाल दिवा लागायचा. वीज घालवून परत आणली तरी उपयोग नाही, कारण मोजणी बॅटरीवर जपून ठेवलेली. सर्व्हिसच्या किल्लीनंच ती शून्यावर यायची आणि किल्ली सरांकडे. मग डेअरीतून फोन यायचा आणि सर पिशवी उचलून एसटी पकडायचे. आठवड्यातले चार दिवस ते कुठल्या ना कुठल्या डेअरीत असायचे.

कंपनीत नवीन माणूस आला की पहिल्याच दिवशी त्याला कँटीन, संडास आणि "सरनोबतांचा एकोणपन्नास" या तीन गोष्टी सांगितल्या जायच्या.

"सर, एकवीस वर्षांचं झालं की तुमचं पोरगं," चौगुले म्हणायचा. "अजून चालता चालता पडतंय!"

"पडू दे की," सर म्हणायचे. "उचलायला बाप हाय अजून."

सगळे हसायचे, सरही. एवढा हुशार माणूस, एवढी साधी चूक, आणि दुरुस्त करायला कधी तयार नाही. वय झालं, असं आम्ही म्हणायचो.

दोन बिऱ्हाडं

दोन हजार बारा साली ती जुनी चिप बाजारातून बंद झाली. शेवटच्या वीस-बावीस चिपा उरल्या. साहेबांचा विचार असा होता की बेंगळुरूच्या एका कंपनीकडून सगळं नव्यानं लिहून घ्यावं. सरांना अठ्ठावन्न पूर्ण व्हायला चार महिने होते. त्यांची सिस्टिम गेली की त्यांनाही ठेवायचं कारण उरणार नव्हतं.

मला सरांनी शिकवलं होतं. सोल्डरिंगचा रॉड धरण्यापासून. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, त्याच घराण्यातली नवी चिप मिळते. सरांची सिस्टिम जशीच्या तशी तिच्यावर चालवता येईल. आणि त्याच चिपवर शेजारी लिनक्स. त्यावर चौगुलेचा टचस्क्रीन."

"एका चिपवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम? भांडतील की."

"भांडणार नाहीत. दोन्हींच्या खाली हायपरवायझर नावाचा एक थर टाकायचा. तो मेमरी वाटून देतो, वेळ वाटून देतो. दोघींनाही वाटतं की सगळं हार्डवेअर आपलं एकटीचंच आहे."

"म्हणजे एका घरात दोन बिऱ्हाडं, आणि शेजारी कोण राहतं याचा पत्ता नाही."

"अगदी तसंच. एक पडली तरी दुसरीला कळत नाही."

साहेबांनी पेन फिरवलं. "आणि हे जमलं तर सरनोबतांना आणखी दोन वर्षं ठेवा, असं तुझं म्हणणं असणार."

"हो, साहेब."

"जमव. ठेवतो."

कपाट

सर टेबलावर डबा उघडून बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून ठेवला आणि ऐकून घेतलं.

"माझ्या बाजूचा एकही बाइट हलवायचा नाही," ते म्हणाले.

"नाही हलवणार."

"शब्द?"

"शब्द, सर."

"मग आधी वाचून घे. त्या कपाटात छापील कागद आहेत सगळे. जुने आहेत, धूळ झटकून घे. पण वाच."

"गरजच नाही, सर!" मी म्हणाले. मला खरंच आनंद झाला होता. "तीच तर याची गंमत आहे. आत काय आहे ते मला बघावंच लागत नाही. बंद डबा म्हणून उचलायचा आणि चालवायचा."

"बंद डबा," सर म्हणाले.

"हो."

त्यांनी भाकरी परत हातात घेतली. "उपाध्ये, वेळ मिळाला तर वाच गं."

मला वेळ मिळाला नाही. खरं तर मिळाला होता.

मी काय केलं

सहा आठवड्यांत सरांची सिस्टिम नव्या चिपवर उभी राहिली. मी शब्द पाळला. एकही बाइट हलवला नाही.

पण थर माझा होता. सरांच्या सिस्टिमला जी मेमरी दिसते ती मी दाखवते ती. मग माझ्या डोक्यात आलं की तो एकोणपन्नास बाहेरून घालवता येईल. रोज पहाटे यंत्र धुतात तेव्हा वीस मिनिटं दूध नसतं. एकोणपन्नासाव्या पहाटे माझ्या थरानं सरांची सिस्टिम हळूच थांबवायची, बॅटरीवरच्या मोजणीच्या जागी कोरं पान द्यायचं आणि ती परत सुरू करायची. दोन सेकंदांचं काम. शेजारी लिनक्स चालूच असल्यानं स्क्रीनही लुकलुकणार नाही. डेअरीतल्या माणसाला कळणार नाही. सरांच्या सिस्टिमलाही कळणार नाही. तिला वाटणार, आपण आजच पहिल्यांदा सुरू झालो.

मोजणी बॅटरीवर जपून का ठेवली असेल, हा प्रश्न मला पडला होता. त्या काळातलं अडाणीपण, असं मीच उत्तर दिलं.

सरांना मी आधी सांगितलं नाही. अचानक दाखवायचं होतं. एसटीनं हेलपाटे घालून त्यांचे गुडघे गेले होते. मला वाटलं, मी त्यांना मोकळं करतेय.

दिवस ४९, सकाळचे अकरा. परत सुरू

सुरुवातीला मी जे लिहिलं ते पूर्ण खरं नाही. परत लिहिते.

काटा सरकला. पाणी फिरत राहिलं. चौगुलेनं टाळ्या वाजवल्या. साहेबांनी वाजवल्या. सरांनी वाजवल्या नाहीत. त्यांनी हाताची घडी सोडली आणि ते यंत्राजवळ आले. पाइपला हात लावून उभे राहिले.

"आता कधीच थांबणार नाही?" त्यांनी मला विचारलं.

"कधीच नाही, सर."

"मग थर्मामीटर कोण घालणार?"

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. सरांच्या पिशवीत पुठ्ठ्याच्या नळीत एक काचेचं थर्मामीटर असायचं. डेअरीत गेले की झाकण काढून ते स्वतः दुधात घालून बघायचे. समोर आकडा दिसत असताना. त्याचीही कंपनीत थट्टा व्हायची.

"सर, स्क्रीनवर दिसतंय की बहात्तर!" चौगुले म्हणाला. "दुधाला ताप आलाय का म्हणून बघताय?"

साहेब हसले. चौगुले हसला.

मी हसले. सर माझ्याकडे बघत होते तेव्हा मी हसले.

"उपाध्ये," साहेब म्हणाले, "म्हणजे आता या सरनोबतांच्या भागात कुणाला हात घालावा लागणार नाही?"

"नाही, साहेब. तो बंद डबा आहे. वर्षानुवर्षं चालेल."

"कुणीही नसलं तरी?"

मला वाटलं, ते माझ्या कामाबद्दल विचारतायत.

"कुणीही नसलं तरी," मी म्हणाले.

दिवस ०

साहेबांनी शब्द मोडला असं म्हणता येणार नाही. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं, "सरनोबत, पोरीनं तुमचं ओझं उतरवलं. आता कशाला धावपळ करताय? आराम करा." आणि मग, सर म्हणे म्हणाले, "बरं."

चार आठवड्यांनी निरोपसमारंभ झाला. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. साहेब भाषणात म्हणाले, "उपाध्येबाईंनी सरांना एकोणपन्नासातून सोडवलं." हशा झाला. सरांनी किल्ली माझ्या हातात दिली.

"ही आता लागायची नाही तुला," ते म्हणाले.

मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, थोडा जास्त वेळ ठेवला. मला वाटलं, निवृत्तीचं दुःख आहे, होईल सवय.

पुढच्या दोन महिन्यांत छत्तीसच्या छत्तीस यंत्रांत नवे कंट्रोलर बसले. एकाही डेअरीतून फोन आला नाही.

कागद

कपाट रिकामं करायचं होतं म्हणून मी ते कागद बाहेर काढले. भोकं पाडलेल्या कडांचे, एकाला एक जोडलेले, घड्या घातलेले. टाकण्याआधी सहज मोजणीचं पान शोधलं. आपण बाहेरून सोडवलेली चूक आतून कशी दिसते ते बघावं म्हणून.

चूक नव्हती.

मोजणी काठाला आली की ती आपोआप शून्यावर नेणारी ओळ तिथं होती. एकच ओळ. सरांनी ती लिहिली होती आणि पुढे खूण करून बंद ठेवली होती. शेजारी त्यांच्या बारीक अक्षरात, शाईच्या पेनानं:

*ही ओळ बरोबर आहे. तपासली आहे. चालू करू नये.*
*यंत्रावर ७२. दुधात ६४. अकरा दिवस.*
*दि. स., १४ ऑगस्ट ९३*

मी खाली जमिनीवर बसून ती दोन-तीनदा वाचली. चौगुले आला, म्हणाला, "काय गं, साप निघाला काय?"

आणि मग मी ते केलं, ज्यासाठी ही गोष्ट लिहायला मला अकरा वर्षं लागली. मला वाटलं, साहेबांना हा कागद दाखवला की ते सरांना परत बोलावतील.

स्पीकर

साहेबांनी कागद वाचला. दुसऱ्यांदा वाचला. मग फोन उचलून सरांचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"सरनोबत, माणगावे बोलतोय. ते एकोणपन्नासचं. तुम्हाला दुरुस्त करता येत होतं?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"येत होतं," सर म्हणाले.

"एकोणीस वर्षं तुम्ही गिऱ्हाइकांची यंत्रं मुद्दाम बंद पाडत होता?"

"व्हय."

"आमच्या वडलांना ठाऊक होतं?"

"नाही. त्यांना मी आधी माणूस पाठवा म्हणून सांगितलं होतं, दर दोन महिन्यांनी. त्यांनी पाठवलाही. डेअरीवाले म्हणाले, चालतंय की चांगलं, कशाला आलाय? गेटातूनच परत लावला. बंद पडल्याशिवाय कोण आत घेतंय, साहेब?"

"ही फसवणूक आहे, सरनोबत."

"असंल."

"असंल काय? बाहेर कळलं तर कंपनी उठेल!"

सर म्हणाले, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवत होते, नको म्हणत होते.

"उपाध्येनं. कागद वाचले तिनं."

"वाचलंस होय," सर म्हणाले. साहेबांशी नाही. त्यांना कसं कळलं मी तिथं आहे, कोण जाणे. "वाचलंस शेवटी."

साहेबांनी फोन ठेवला आणि कागद स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टाकला. त्या संध्याकाळी छत्तीस डेअऱ्यांना पत्रं गेली. श्री. दिनकर सरनोबत यांचा कंपनीशी संबंध उरलेला नाही, त्यांना यंत्राजवळ येऊ देऊ नये.

पत्राचा मजकूर मीच टाइप केला. मला सांगितलं आणि मी केला.

उत्तरेश्वर पेठ, दुपार

सरांच्या घरी काकूंनी दार उघडलं. "आलीस होय. ये. आत बसलेत."

सर पलंगावर बसले होते. गुडघ्यांवर तेलाचा वास. मला बघून त्यांनी खुर्चीवरचा पेपर उचलला, मला जागा केली.

"सर, मला वाटलं साहेब तुम्हाला परत—"

"ठाऊक हाय मला, तुला काय वाटलं ते."

काकू पाणी ठेवून आत गेल्या.

"त्र्याण्णवला काय झालं होतं?" मी विचारलं.

"वाफ. डेअरीत सगळीकडं वाफ असती. सेन्सरच्या वायरीचा जोड गंजतो. गंजला की सेन्सर आहे त्यापेक्षा जास्त सांगतो. यंत्राचा दोष नाही, माझ्या प्रोग्रॅमचाही नाही. त्याला बहात्तर सांगितलं, त्यानं बहात्तर मानलं. कच्चं दूध अकरा दिवस एका वसतिगृहात गेलं. चौदा पोरं दवाखान्यात नेली." ते थांबले. "तेरा घरी गेली."

आत काकूंनी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी बघायला गेलो तेव्हा यंत्र झकास चाललेलं. हिरवा दिवा. थर्मामीटर घातलं तेव्हा कळलं. चालू यंत्राकडं कुणी बघत नाही गं, उपाध्ये. म्हणून मी त्याला थांबायला शिकवलं."

"मला सांगायचं होतंत, सर. त्या दिवशी, सगळ्यांसमोर. एक शब्द."

"काय सांगू? एकोणीस वर्षं लबाडी केली म्हणून? आणि तुझा चेहरा असा फुललेला." त्यांनी चष्मा काढून पुसला. "वाच म्हणालो होतो की."

मी रडत होते. ते मला गप्प करायला पुढे आले नाहीत, आणि रागावलेही नाहीत.

"मी काढून टाकते," मी म्हणाले. "कोरं पान देणंच बंद करते. नवी आवृत्ती पाठवताना कुणाला कळणारही नाही. परत एकोणपन्नासाव्या दिवशी थांबेल."

"आणि थांबलं की जाणार कोण?"

"मी जाईन. किल्ली आहे माझ्याकडं."

"चावी फिरवायला कुणीपण चालतंय. जोड कुठं गंजतो, ठाऊक हाय? छत्तीस ठिकाणी छत्तीस जागा. कुठं वाफ डावीकडनं येती, कुठं माणसानं पाइप फिरवलाय, कुठं नुसता हात फिरवला तरी कळतं. ते कागदावर नाही माझ्या."

"मग शिकवा मला. दर रविवारी जाऊ आपण. मी गाडी काढते."

सरांनी उशाखालून एक पाकीट काढलं आणि माझ्यासमोर धरलं. ओळखीचा कागद, ओळखीचा मजकूर. कुठल्या तरी डेअरीतल्या माणसानं न राहवून त्यांना आणून दिलेलं पत्र.

"मला आता गेटात कोण घेतंय?" ते म्हणाले.

मी पाकिटाला हात लावला नाही.

"चालू दे तुझं," थोड्या वेळानं ते म्हणाले. "आता मधेच थांबवलंस तर दूध सांडेल, दुसरं काय. माणूस यायचा नाही."

"आणखी एक सेन्सर बसवता येईल, सर. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर—"

"त्याच वाफेत?"

बाहेर कुणीतरी म्हशी घेऊन चाललं होतं, घंटा वाजत होत्या.

मी पुढच्या वर्षी ती नोकरी सोडली. सर त्यानंतर तीन वर्षांनी गेले. मला दहाव्या दिवशी कळलं, चौगुलेकडून. त्या छत्तीस यंत्रांतून नंतर कधी कच्चं दूध बाहेर गेलं का, हे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. एकही यंत्र थांबलेलं नाही.

त्या दुपारी मी उठले, ओढणीनं तोंड पुसलं.

"येते, सर," मी म्हणाले.

काकू आतून बाहेर आल्या. त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, हातात साखर ठेवली. "येत जा गं अधूनमधून," त्या म्हणाल्या. "यांना बोलायला कोण नाही आता."

सरांनी त्यांच्याकडं बघितलं आणि मान हलवली. नको, अशी.

मग माझ्याकडं बघून, मला पहिल्यांदा रॉड धरायला शिकवलं तेव्हाच्या आवाजात म्हणाले, "जिन्याची शेवटची पायरी मोडलीय. जपून उतर."